पहिला नंबर, की केंद्र?

आजचे वाचन : मार्क 7:9-13, कलस्सै 3:17



आपल्यापैकी पुष्कळांनी संडे स्कूलमध्ये एक क्रम पाठ केलेला आहे. आधी देव, मग कुटुंब, मग अभ्यास किंवा काम, आणि सर्वांत शेवटी आपण स्वतः. ऐकायला सोपं आणि छान वाटतं. पण नोकरी लागली, घरची जबाबदारी अंगावर आली, की या क्रमाची ओढाताण सुरू होते.

मागे तरुण संघाच्या सहभागितेत धुळ्याच्या एका बहिणीने सरळ विचारलं, "दादा, मी नर्स आहे. महिन्यातून दोन रविवार तरी ड्युटी लागते. घरी आई आजारी असते. सकाळचं वचन वाचायचं म्हटलं तर डोळे मिटतात. म्हणजे माझ्या आयुष्यात देव पहिला राहिला नाही का?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती. तिच्यासारखे किती तरी जण हीच भीती मनात घेऊन जगतात, म्हणून आज यावर मनन करू या.

मला वाटतं, गडबड 'पहिला नंबर' या शब्दातच आहे. यादीत जो पहिला असतो, त्याचं दुसऱ्या नंबराशी भांडण ठरलेलंच. आईला दिलेला तास देवाकडून काढून घेतला असं वाटतं. उलट बाजूने पाहा, देवाचा तास संपला की तो संपला! सकाळी पंधरा मिनिटं प्रार्थना, मोबाईलमधल्या ॲपवर बरोबरची खूण, आणि मग उरलेला दिवस आपला. दुकानात काय बोलायचं, बिल कसं करायचं, रागात कुणाला काय मेसेज टाकायचा, यात यादीतल्या पहिल्याला कुणी विचारत नाही. त्याचा नंबर होऊन गेलेला असतो.

आता आपल्या खान्देशातल्या बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मधे तुंबा, आणि त्यात बसवलेले सगळे आरे. तुंब्याला आपण 'पहिला आरा' म्हणत नाही. त्याची आऱ्यांशी स्पर्धाच नाही. प्रत्येक आरा त्याच्यात रोवलेला आहे म्हणून तर चाक फिरतं. एखादा आरा तुंब्यातून निसटला की तो कितीही मजबूत असो, भार घेऊ शकत नाही. पौलाने कलस्सैच्या मंडळीला हेच लिहिलं : बोलणं असो वा करणं, सगळंच प्रभू येशूच्या नावाने करा. कलस्सैच्या मंडळीत गुलाम होते, मालक होते, मुलंबाळं सांभाळणारी घरं होती. त्यांना त्याने कामं सोडायला सांगितलं नाही, कामं कुणासाठी करायची ते सांगितलं.

मार्कच्या सातव्या अध्यायात तर प्रभू याहून कडक बोलतो. काही लोक आईवडिलांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केलेलं, असं जाहीर करत आणि म्हाताऱ्या आईबापांची जबाबदारी टाळत. वरवर पाहता त्यांनी देवाला पहिला नंबर दिला होता! पण प्रभू म्हणतो की असं करून त्यांनी देवाचं वचनच रद्द केलं. देवाचं नाव पुढे करून देवाचीच आज्ञा मोडता येते, हे त्याने उघड करून दाखवलं.

म्हणून त्या बहिणीला मी एवढंच म्हणालो, "ताई, रात्री आईचं अंथरूण बदलताना तू देवापासून दूर गेलेली नसतेस. त्याने सांगितलेल्या कामावरच असतेस."

पण थांबा. इथे एक पळवाटही आहे. 'माझं कामच माझी उपासना' असं म्हणत काही जण मंडळीत येणंच बंद करतात, प्रार्थना सोडतात, पवित्र शास्त्रावर धूळ बसते. गाडीवानाला विचारा, वंगण न घातलेलं चाक काय करतं? आधी कुरकुरतं, मग आस झिजते. एकांतातली प्रार्थना आणि संतांची सहभागिता हे वंगण आहे. ड्युटीमुळे रविवार चुकणं वेगळं आणि कंटाळा आला म्हणून रविवार टाळणं वेगळं. यातला फरक पाळकसाहेबांना कदाचित कळणार नाही, पण आपल्याला आणि देवाला कळतो.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. लूक 14:26 मध्ये प्रभू म्हणतो की आईबापांपेक्षा, स्वतःच्या जिवापेक्षाही त्याच्यावर जास्त प्रीती न करणारा त्याचा शिष्य होऊ शकत नाही. मग वरची शिकवण आणि ही शिकवण एकमेकींच्या विरुद्ध आहेत का? नाहीत. जो केंद्रस्थानी असतो तो बाकीच्यांना जागा देतो, आणि त्यांची हद्दही तोच ठरवतो. आईची सेवा कर, हे तोच सांगतो. पण घरच्यांच्या सुखासाठी खोटं बिल कर, लाच घे, असं कुणी म्हणालं, अगदी आईनेही म्हटलं, तर तिथे नाही म्हणायलाही तोच सांगतो. केंद्रात कोण आहे हे गाणी गाताना कळत नाही. नाही म्हणण्याची किंमत द्यावी लागते तेव्हा कळतं.

जळगावच्या सराफ बाजारात सोनं तोलायचा काटा काचेच्या पेटीत ठेवलेला असतो. पंख्याच्या वाऱ्यानेही वजन हलू नये म्हणून. आपल्या मनाचा काटा कशाने हलतो? पगाराने, लोक काय म्हणतील याने, की स्टेटसला किती जणांनी पाहिलं याने?

जळगावचाच एक जुना प्रसंग मला फार बोलतो. 1907 साली इथे कविसंमेलन भरलं होतं. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि तेच त्याचं नाव झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या मुलाला ओळखलं आणि पुढे अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. लक्ष्मीबाई टिळकांनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त ठोंबरे पुन्हा पुन्हा भेटतो, तो घरातलाच एक म्हणून.

टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला होता, आणि त्यासाठी घरदार, नातीगोती यांची मोठी किंमत मोजली होती. ख्रिस्त त्यांच्या जीवनाचा मध्य होता यात कुणाला शंका नव्हती. तरी बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे टिळकांच्या घरातली त्यांची जागा गेली नाही. मला यातून हे दिसतं : ख्रिस्त मध्यभागी असेल तर घराचं दार मोठं होतं. ताटात एक भाकरी जास्त पडते. प्रीतीला अट लागत नाही. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, जेमतेम 27 वर्षांचे. पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 ला, टिळकही गेले. भुसावळकडे जाताना भादली लागतं तेव्हा मला हे घर आठवतं. आपल्या घरात, आपल्या फ्लॅटमध्ये, आपल्या विश्वासाचा नसलेला कुणी इतक्या निर्धास्तपणे राहू शकेल का?

तर मग रोज करायचं काय? नहेम्याकडे पाहा. राजाने त्याला विचारलं, तुला काय हवं? राजाचा प्रश्न आणि स्वतःचं उत्तर यांच्यामध्ये नहेम्याने देवाची प्रार्थना केली (नहेम्या 2:4). डोळे मिटायलाही वेळ नसेल. पण त्याचं मन कुठे वळायचं ते ठरलेलं होतं. आपणही एवढं करू शकतो. जळगाव-धुळे एसटीत एरंडोल आलं की घरच्यांसाठी, पारोळा आलं की ऑफिसमधल्या त्या न पटणाऱ्या माणसासाठी एक वाक्य प्रार्थना. बिल करण्याआधी एक श्वास, प्रभू, हे तुझ्यासमोर. रागाचा मेसेज पाठवण्याआधी तसंच. हे लहान वाटतं, पण आरा तुंब्यात असाच बसतो, एकेक ठोका मारून.

आज स्वतःला विचारू या : माझ्या दिवसातला असा कोणता कोपरा आहे जिथे मी देवाला अजून विचारतच नाही?

प्रार्थना : हे प्रेमळ बापा, आम्ही तुला एक तास दिला आणि दिवस स्वतःकडे ठेवला, याची आम्हांला क्षमा कर. आमचं काम, आमचे आईबाप, आमचे मित्र, आमचा पैसा हे सर्व तुझ्यात रोवून ठेव. जिथे नाही म्हणायचं तिथे धैर्य दे, जिथे दार उघडायचं तिथे मोठं मन दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.