सामाईक दावणीचा न्याय

शाहू महाराजांच्या काळापासून अश्वप्रेमी म्हणविणाऱ्या कोल्हापुरांत घोडा म्हणजे निव्वळ वाहन नव्हे. म्हणूनच सामाईक तबेल्याचा प्रश्न आम्हांस बिकट वाटतो. एका घोड्याच्या नाकांतून स्राव वाहूं लागला, तर धन्यानें तें सांगावें कीं झांकावें? सर्दी असेल, ही समजूत सोयीची असते. परंतु ग्लँडर्सचे जंतु पाण्याच्या डोणींतून शेजारच्या घोड्यास गांठतात, क्वचित् मोतद्दारासहि. लस अद्याप नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८९९ च्या कायद्यानें खबर देणें धन्यास बंधनकारक केलें. पुढें २००९ च्या कायद्यानें त्याची जागा घेतली. महाराष्ट्रांत २००६ सालीं हा रोग पुन्हां उद्भवला. तपासणींत बाधित ठरलेलें जनावर, तें धडधाकट दिसलें तरी, मारावें लागतें. मुक्या प्राण्याचा हा वध आम्हांस न्याय्य वाटत नाहीं, केवळ अपरिहार्य वाटतो. हा भेद शब्दांनीं पुसूं नये. आणि वरातीस घोडा देऊन पोट भरणारा मनुष्य खबर देतो, तेव्हां भाकरी त्याची जाते, घोडे वांचतात ते इतरांचे. त्याच्या मौनास पाप म्हणण्यापूर्वीं, सरकारी भरपाई मिळो वा न मिळो, त्या दावणीच्या शेजाऱ्यांनीं त्याच्या नुकसानीचा वांटा कां उचलूं नये?