बियाला राखलेला दुधी

पांडुरंगा,

मृग उंबऱ्याशी आला आहे. परड्यातली आळी खणून झाली, कुजलेलं शेणखत मातीत मिसळलं, राखेच्या गाडग्यातलं बी सुपात काढून निवडलं. आता माझ्या हातचं संपलं आणि तुझ्याकडचं सुरू झालं. म्हणून पेरणीआधी हे मागणं.

मागणं मोठं नाही. वाईजवळच्या आमच्या या चार वाफ्यांत घराला लागतं त्याहून मूठभर जास्त पिकू दे. घरापुरतंच पिकलं तर आमची ताटं भरतील, पण कुंपणापाशी उभं राहून शेजारणीला हाक मारायला हातात काही उरणार नाही. आणि बियालाही राखता येणार नाही.

माळ्याचं मागणं तुला नवं नाही. माढा तालुक्यातल्या अरणचा सावता मळ्यातलं काम टाकून पंढरीला आला नाही, अशी त्याची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शके 1217 मध्ये, म्हणजे 1295 साली, त्याने अरणलाच समाधी घेतली, आणि अजूनही आषाढात पंढरपुराहून तुझी पालखी त्याच्या भेटीला जाते. वाफ्यात बसलेल्या माणसाकडे तू स्वतः जातोस, हे आम्हाला त्याच्यामुळे कळलं. आषाढी ऐन भांगलणीत येते. गावातली दिंडी निघून जाते, माझ्या हातात खुरपं असतं, तेव्हा मला सावतोबांचाच आधार वाटतो.

देवा, मृगात भिजपाऊस दे. एकदम कोसळलास तर वाफ्यातलं बी वाहून बांधाच्या कडेला गोळा होतं आणि उरलेल्यावर मातीची खपली धरते. रिमझिम आलास की घेवडा कसा उगवतो, ते पाहायला मी पहाटे परड्यात जाते. आधी मातीला केसाएवढी भेग पडते. तिच्यातून पान वर येत नाही, वाकलेली मान येते, आणि डोकं अजून मातीतच अडकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ती मान सरळ होते, दोन जाड दलं उघडतात, आणि एखाद्याच्या टोकाला बियाची साल टोपीसारखी राहिलेली असते. ती मी बोटाने काढत नाही. दवाने मऊ होऊन ती आपली आपण गळते. उगवलेलं सगळंच जगत नाही हे मला माहीत आहे. काही गोगलगाई खातात, काही मुळाशी कुजतं. तरी मान सरळ करणाऱ्या प्रत्येक कोंबाला एकदा ऊन दिसू दे.

फुलावर आलेला घेवडा उपटून पाहिला तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. नखाने फोडल्या की आत गुलाबी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून वेलाला देतात आणि वेल त्यांना साखर पुरवतो. डोळ्यांना दिसतही नाही अशा जिवाला तू मातीचं पोट भरायचं काम दिलंस. म्हणून शेंगा संपल्या की आम्ही घेवडा कापून घेतो, मुळं मातीतच ठेवतो, आणि त्याच वाफ्यात वांग्याचा तरवा लावतो.

श्रावणात मांडव भरतो. पडवळाच्या टोकाला दगड बांधायचे दिवस, म्हणजे ते सरळ वाढतं. दोडका बोटभर होतो आणि दोन दिवस लक्ष गेलं नाही तर जून होऊन बसतो. पण पांडुरंगा, माझा जीव अडकतो तो लाल भोपळ्याच्या फुलांत. आधी येतात ती सगळी नर फुलं, लांब देठाची. मग एका सकाळी पाकळ्यांच्या मागे गोटीएवढा हिरवा भोपळा घेऊन मादी फूल उमलतं. त्याची वेळ थोडी, दुपार व्हायच्या आत ते मिटतं. तेवढ्यात सातेरी मधमाशी परागात माखून आली तर भोपळा धरतो. नाही आली तर ती गोटी पिवळी पडून गळते. ढग दाटलेले असले की माशा बाहेर पडत नाहीत. मग मी नर फूल खुडते, त्याच्या पाकळ्या मागे करते आणि मादी फुलात हलकेच फिरवते. तुझं काम माझ्या हातून होतं आहे असं मला त्या वेळी खरंच वाटतं, आणि हात थरथरतो. तरीही माशांनाच धाड, देवा. आसपासच्या शिवारांत विषाची फवारणी कमी होऊ दे. माव्याला खाणारे ढालकिडे जगू देत. कारल्यावरच्या फळमाशीला मी सापळा लावते, निंबोळीचा अर्क मारते, आणि तरी डंख झालेली चार कारली गेली तर त्याची तक्रार तुझ्याकडे आणणार नाही.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. त्या दिवशी परडं घराचं खरं अन्नदाता होतं. अळूची देठं, माठ, भेंडी, पडवळ, भोपळा, कोवळं कणीस, सगळं खुरप्यावर पिकलेलं, आणि सगळं एका पातेल्यात. मसाला जवळजवळ नाहीच, म्हणून प्रत्येक भाजीची आपापली चव जिभेला लागते. वर्षभर नांगर ओढणाऱ्या जनावराची आठवण ठेवायला तू ताटच निवडलंस, ही तुझी मोठीच कृपा.

दिवाळी झाली की कृष्णाकाठची वांगी सुरू होतात. थंडी हवीच, देवा, पण धुकं फार दिवस बसू देऊ नकोस, नाहीतर पावट्याचा फुलोरा झडतो. मेथी, मुळा, गाजर, कोथिंबीर ही सगळी थंडीची पाहुणी. मेथी वाफ्यातून उपटून थेट विळीवर येते तेव्हा तिला जो वास असतो, तो दुपारपर्यंत राहत नाही. घरच्यांना मी गरम भाकरी आणि मेथी एकाच वेळी वाढते आणि आधी जेवायला बसवते, बोलणं मागाहून. भोगीच्या दिवशी तर माझं मागणंच थांबतं. काटेरी देठाची वांगी, पावट्याचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, बोरं, उसाचे करवे, वर तिळाचं कूट. तीळ थापलेली बाजरीची भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा. नैवेद्य तुला दाखवते, तेव्हा त्यातलं निम्मं तूच परड्यात वाढवलेलं असतं. तू जेव, पांडुरंगा. मुलं दम धरून बसली आहेत.

ज्याचा हंगाम त्यालाच ती चव, हे घरातल्या लहानग्यांना कळू दे. बाजारात आता बारा महिने सगळं मिळतं आणि कशाचीच वाट पाहावी लागत नाही. मला त्यांच्यासाठी वाट पाहणं हवं आहे. पावट्यासाठी थंडीची वाट, कैरीसाठी चैत्राची.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगते. विहिरीतलं पाणी तळाला जाईल, तेव्हा भांड्यांचं धुवण तांदळीला आणि माठाला पुरू दे. शेवगा आपला आपण निभावतो. कोहळ्याच्या सांडग्यांना ऊन मिळू दे.

आणि आता बियाचं. सासूबाईंनी मला या घरात आल्यावर पहिली गोष्ट शिकवली ती ही, की वेलावरचा सगळ्यात चांगला दुधी खायचा नाही. त्याला चिंधी बांधायची. तो तसाच वेलावर राहतो, हिरवा जातो, पांढरट होतो, साल लाकडासारखी टणक होते, आणि हलवला की आत बी वाजतं. चांगल्या वांग्याचंही तेच, ते पिवळं पडून मऊ होईपर्यंत झाडावर ठेवायचं, बी पाण्यात चोळून घ्यायचं, तरंगेल ते टाकायचं, तळाशी बसेल ते राखेत ठेवायचं. घरात भाजी नसते, पाहुणा आलेला असतो, समोर तो चिंधीचा दुधी लोंबत असतो. त्या वेळी हात आवरायचं बळ तूच देत आलास. पुढेही दे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावरान बी घरोघरून जमवलं आणि बायाबायांत वाटलं. 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांचे डोळे भरून आले होते. राहीबाईंना दीर्घ आयुष्य दे. संकरित बियाण्याचं बी पुढच्या वर्षी तसंच येत नाही, दरसाल दुकानातच जावं लागतं. गाडग्यातलं बी मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतं. त्या वाटेवर कुठे तरी माझाही हात असू दे.

शेजारच्या घरी यंदा नवी सून आली आहे. शहरातली आहे, पण तिने आपणहून विचारलं, काकू, दुधीचं बी द्याल का? मी निम्मं तिला दिलं, कागदात बांधून, वर नाव लिहून. तिच्या अंगणात ते उगवू दे, विठ्ठला. तिच्या वेलाला मादी फुलं लवकर येऊ देत, आणि पहिलं फळ तिला खाऊ दे, दुसरं राखू दे. यंदा माझ्या वेलावर रोग पडला आणि बी हाती आलं नाही, तर पुढच्या मृगाला मी तिच्याकडे मागायला जाईन.