नदीच्या हिशेबात नदीची माणसं

ऑस्ट्रेलियात मेनिंडी गावाजवळ डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात डार्लिंग नदीतले लाखो मासे मेले. कित्येक दशकं जगलेले मरे कॉड त्यांत होते. नदी वाहायची थांबली होती. तापलेल्या साचपाण्यात शेवाळ माजलं आणि तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला. मग हवा एकाएकी गार झाली, वरचं आणि खालचं पाणी मिसळलं, आणि माशांचा श्वास कोंडला. दुष्काळ होताच, पण देशाच्या विज्ञान अकादमीने नेमलेल्या तज्ज्ञांनी वरच्या अंगाच्या वर्षानुवर्षांच्या बेसुमार उपशावरही ठपका ठेवला.

या नदीला बार्का म्हणणारे बार्किंजी लोक तिच्या काठी हजारो वर्षं राहत आले आहेत. अठरा वर्षांच्या लढ्यानंतर २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांचा भूमीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला, आणि चार वर्षांच्या आत त्यांच्यासमोर नदीची ही गत झाली. मला या दोन गोष्टी वेगवेगळ्या मानता येत नाहीत. मासे धरायचा हक्क त्यांना मिळाला. मासे जगतील एवढं पाणी मात्र दुसऱ्यांच्या नावावर राहिलं.

हे कसं झालं? पूर्वी पाण्याचा परवाना जमिनीला जोडलेला असे, आणि जमीन तर मूळ रहिवाशांकडून आधीच हिरावलेली होती. ती कोणाचीच नव्हती हा जुना समज न्यायालयाने १९९२ च्या माबो निकालात मोडून काढला. पण पुढे पाणी जमिनीपासून वेगळं करून बाजारात आणलं गेलं, तेव्हा हक्क गेले ते आधीच्या परवानेधारकांकडे. आज मरे-डार्लिंग खोऱ्यातल्या भूपृष्ठावरच्या पाणीहक्कांपैकी ०.२ टक्क्यांहूनही कमी हक्क मूळ रहिवाशांकडे आहेत. आपल्याकडे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरातल्या नायगावात पाणीपंचायत उभी केली, तेव्हा त्यांनीही पाणी जमिनीपासून सोडवलं. वाटणी मात्र त्यांनी माणशी केली आणि भूमिहीनालाही वाटा दिला. जमिनीपासून सोडवलेलं पाणी कोणाच्या हाती जाईल, हे आपोआप ठरत नाही. कोणीतरी ते ठरवतं.

२०१२ च्या खोरे आराखड्याने वर्षाला २,७५० अब्ज लिटर पाणी नदीला परत द्यायचं ठरवलं. म्हणजे सुमारे ९७ टीएमसी, जवळपास एक कोयना धरण. ते थोर काम होतं, असंच मी म्हणेन. कोणत्या पाणथळीत किती पाणी, कधी सोडायचं याचं नियोजन त्यानंतर दरवर्षी होऊ लागलं, आणि त्यात काठच्या समाजांना विचारलं जाऊ लागलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. सिंचनाने मरे नदीचा हंगामच उलटा केला आहे: पूर यायचा त्या हिवाळ्या-वसंतात पाणी अडवलं जातं, आणि ओसरायचं त्या उन्हाळ्यात ती कालव्यासारखी भरून वाहते. बार्माच्या जंगलात रेड गमची झाडं आणि मोइरा गवत कोणत्या पुरावर जगतं, हे योर्टा योर्टा लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या न्गारिंजेरींनी २००९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारशी करार करून आपलं म्हणणं ऐकण्याची जबाबदारी सरकारकडून लिहूनच घेतली.

तरीही आराखड्याची अट मूळ रहिवाशांचे हेतू नोंदवण्यापुरती आणि त्यांची मतं विचारात घेण्यापुरती आहे. ती मानलीच पाहिजेत, असं कुठे नाही. म्हणून मला त्यांच्या २००७ च्या एचुका जाहीरनाम्यातली मागणी न्याय्य वाटते. समाज, अध्यात्म, पर्यावरण, संस्कृती आणि उपजीविका यांना पुरेल एवढं पाणी, तेही स्वतःच्या मालकीचं. पर्यावरणासाठी सोडलेल्या पाण्याने त्यांचीही गरज भागते, हे उत्तर अपुरं आहे. पक्षी आणि झाडं सरकारची आणि मूळ रहिवाशांची सारखीच असतील; पण एका वर्षी कोणती पाणथळ कोरडी ठेवायची, हा निर्णय अजून एकाच बाजूचा आहे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये मूळ रहिवाशांसाठी पाणीहक्क विकत घ्यायला ४ कोटी डॉलर कबूल केले. पुढची पाच वर्षं त्यातून एकही हक्क खरेदी झाला नाही. बाजारात पाण्याचे भाव चढत गेले, आणि २०२३ मध्ये ती रक्कम १० कोटी करावी लागली.