मागच्या गाडीचा ड्रायव्हर

एका गावात एक म्हातारा शेतकरी होता. सगळे त्याला तात्या म्हणत. तात्यांकडे जुनी पिकअप होती. तिने वर्षानुवर्षे टोमॅटोचे क्रेट आणि मेथीच्या जुड्या तालुक्याच्या मार्केटला नेल्या होत्या. थोरल्या लेकीचं लग्न गाडीच्या भाड्यावर झालं होतं. मग एका पावसाळ्यात ती बंद पडली आणि गोठ्याशेजारी उभी राहिली. हौद्यात गवत उगवलं. एका कोंबडीने ड्रायव्हरच्या सीटखाली अंडी घातली.

दिवाळी झाली, हातात चार पैसे आले, तेव्हा तात्यांनी गाडी तालुक्याच्या गॅरेजला न्यायचं ठरवलं. पुतण्याने नुकतीच नवी, मोठी पिकअप घेतली होती. तो म्हणाला, "त्यात काय एवढं, तात्या? टोचन लावतो, अर्ध्या तासात गॅरेजला टाकतो. तुम्ही माझ्याशेजारी बसा. मागं बंड्या बसेल स्टेअरिंग धरून."

बंड्या अकरावीत होता. तात्यांना हे बरंच वाटलं. गॅरेजचा रस्ता भर बाजारपेठेतून जात होता. बंद गाडीत बसून, दोराला बांधलेलं असं सगळ्या गावासमोरून जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

पुतण्याने विहिरीवरचा दोर आणला आणि जुन्या गाडीच्या बंपरला गाठ मारली. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि जोरात रेस दिली. दोर ताणला, कडकन आवाज झाला आणि बंपर एका बाजूने उपसून निघाला. दोरापाशी उभ्या असलेल्या बंड्याच्या नडगीला तो वीतभर अंतराने चुकला.

आवाज ऐकून शेजारचे आबा आले. आबांची सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली होती. ते रागावले नाहीत. उकिडवे बसून त्यांनी गाडीखाली पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हरने चिखलाचा थर खरवडला. आत चासीचा हुक निघाला.

"दोर इथं लावायचा. बंपर ओढायला नसतो," ते म्हणाले. "आणि ताणलेल्या दोराजवळ कुणी उभं राहायचं नाही." मग हात झटकत त्यांनी विचारलं, "मागं कोण बसणार?"

"बंड्या."

"लायसन आहे?"

पुतण्या हसला. "आबा, गाडी बंद आहे. बंद गाडीला लायसन कशाला?"

"बंद गाडीलाच पाहिजे," आबा म्हणाले. "इंजिन बंद आहे. ब्रेक आणि स्टेअरिंग बंद नाही."

आबा काही मनचं सांगत नव्हते. 1989 सालच्या, 2017 पर्यंत लागू असलेल्या रस्त्याच्या नियमांत हे लिहिलेलं होतं, आणि ते त्यांना नोकरीपासून पाठ होतं. त्या नियमांप्रमाणे ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर ती गाडी चालवायचं लायसन असलेला माणूस हवा. नाहीतर तिची पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांमध्ये 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको. दोर लोकांना लांबून दिसला पाहिजे. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेलं हवं, अक्षरं निदान 75 मिलिमीटर उंच. आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत.

"लायसन तात्यांकडे आहे," आबा म्हणाले. "तात्या बसतील."

"मी? मेलेल्या गाडीत बसून गावातनं मिरवू?"

आबा त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी दार उघडून धरलं. तात्या कुरकुरत बसले.

"किल्ली लाव आणि फिरवून ठेव. काढलीस तर स्टेअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक खाली. आता ब्रेक दाब."

तात्यांनी दाबला. पेडल दगडागत घट्ट लागलं.

"बूस्टर बंद आहे," आबा म्हणाले. "इंजिन चालू असलं की तो मदत करतो. आता सगळं तुझ्या पायावर. ब्रेक लागतो का ते आधी अंगणात बघू. लागत नसला तर दोराने न्यायचीच नाही, क्रेन बोलवायची."

गाडी अंगणात ढकलून पाहिली. ब्रेक लागला, पण तात्यांना सीटवरून अर्धं उठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडल्यावर निघायचं ठरलं. नातीने पत्र्याला पांढरा रंग देऊन अक्षरं काढली. चाकांत हवा भरली. चांगला जाड दोर आणून मधोमध लाल फडकं बांधलं. आबा दोघांना शेवटचं एवढंच म्हणाले, "पुढच्याने हळू उचलायचं. मागच्याने दोर ढिला पडू द्यायचा नाही. ढिला पडला की चाकाखाली येतो, नाहीतर हिसका बसतो."

गाड्या निघाल्या. बाजारपेठेत कुणी हसलं नाही. चहावाल्याने हात वर केला, पण तात्यांना हात सोडून उत्तर देता आलं नाही. स्टेअरिंग इतकं जड झालं होतं, की देवळाच्या वळणावर त्यांना दोन्ही हातांनी ओढून घ्यावं लागलं. दोर सैलावतोसा वाटला की ते पायाने जरासं धरत, तो पुन्हा ताठ होई. लाल फडकं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

गावाबाहेर ओढ्याचा उतार होता. पुतण्या उतरू लागला. मागची गाडी आपल्याच वजनाने पुढे यायला लागली. तात्यांनी ब्रेकवर पाय रोवून ठेवला. तेवढ्यात बाभळीआडून शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले. तात्या सीटवरून उठलेच. सगळं वजन पायावर टाकलं. टायर करकरले, गाडी थांबली. पुतण्याच्या नव्या गाडीचं मागचं फळकं आणि जुन्या गाडीचा वाकडा बंपर यांत दोन हातांचं अंतर राहिलं.

पुतण्या उतरून मागे आला. ते दोन हात त्याने पाहिले. तात्यांना घाम आला होता. शेळ्या गेल्या. "चल," तात्या म्हणाले, "हळू उचल."

ओढणारा गाडी पुढे नेतो, तेवढंच त्याच्या हातात असतं. वेळेवर थांबणं मागच्यालाच करावं लागतं, आणि त्याने ते केलं नाही तर पहिला धक्का बसतो तो मदतीला आलेल्याला. म्हणून दोराने बांधलेल्या माणसाला ओझं होऊन बसून राहता येत नाही. कायद्याने लायसन त्याच्याकडेही मागितलं आहे, ते उगाच नाही.

गॅरेजमध्ये मेस्त्रीने इंजिन पाहिलं आणि आठ दिवसांची मुदत सांगितली. परतताना तात्या पुतण्याशेजारी बसले. ओढ्याच्या उतारावर त्यांचा उजवा पाय पुढच्या मॅटवर घट्ट रुतला. पुतण्याने ते पाहिलं.

"तात्या, ब्रेक माझ्याकडे आहे."

"असू दे," तात्या म्हणाले. "तू पुढं बघ."