जिद्द म्हणायचं की हट्ट?

एप्रिल १९८६. अमेरिकेतल्या ऑगस्टा इथे मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा सुरू व्हायच्या बेतात होती आणि अटलांटाच्या एका वर्तमानपत्राने जॅक निक्लसचा निकाल आधीच लावून टाकला. हा माणूस संपला, याच्यावर गंज चढला, अशा अर्थाचा तो मजकूर होता. निक्लस तेव्हा ४६ वर्षांचा होता. गोल्फमध्ये वर्षाला चार मोठ्या स्पर्धा होतात, त्यांना ‘मेजर’ म्हणतात. अशा १७ मेजर त्याने जिंकल्या होत्या, पण शेवटची १९८० साली. त्याच्या एका मित्राने ते कात्रण कापलं आणि सगळे ज्या घरात उतरले होते तिथल्या फ्रिजवर चिकटवलं. आता पाण्याची बाटली काढायची तरी ते वाचल्याशिवाय सुटका नाही.

रविवारी, १३ तारखेला, शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा निक्लस आघाडीवरच्या ग्रेग नॉर्मनपेक्षा चार फटके मागे होता. गोल्फ माहीत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: १८ होल असतात, प्रत्येक होलला किती फटके लागावेत ते ठरलेलं असतं (त्याला ‘पार’ म्हणतात), आणि चार दिवसांत ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो जिंकला. पहिल्या आठ होलपर्यंत विशेष काही घडलं नाही. नवव्यापासून मात्र काहीतरी सुरू झालं. ऑगस्टाच्या शेवटच्या नऊ होलचं पार ३६ आहे. निक्लसने ते ३० फटक्यांत संपवले. त्याची बॅग त्याचा थोरला मुलगा जॅकी वाहत होता. अठराव्या होलवर बापलेकांनी एकमेकांना मिठी मारली आणि मग इतरांची वाट बघत बसले.

इथून पुढचं सगळं दुसऱ्यांच्या हातात होतं. सेव्ह बॅलेस्टेरोसचा चेंडू पंधराव्या होलवर तळ्यात गेला होता. टॉम काइटचा शेवटचा पट, म्हणजे हिरवळीवरून खड्ड्याकडे हळूच ढकलायचा फटका, खड्ड्याच्या कडेने निघून गेला. नॉर्मनने ओळीने चार होल पारपेक्षा एक फटका कमी घेऊन बरोबरी साधली आणि अठराव्याला चेंडू थेट प्रेक्षकांत मारला. निक्लस एका फटक्याने जिंकला. त्याची अठरावी मेजर, सहावं मास्टर्स. त्या वयात मास्टर्स जिंकणारा तो अजूनही एकटाच.

या फेरीचे तुकडे मी फोनवर कितीतरी वेळा पाहिलेत. सोबतचा धडा बहुतेक वेळा एकच असतो: हार मानू नका. बघताना तो पटतो. फोन खाली ठेवल्यावर एक प्रश्न मात्र सुटत नाही. काइटचा चेंडू इंचभर आत वळला असता, किंवा नॉर्मनने अठराव्याला साधं पार केलं असतं, तर सामना पुढे गेला असता आणि कदाचित निक्लस हरलाही असता. मग फ्रिजवरचं कात्रण बरोबर ठरलं असतं का? निक्लसने त्या दिवशी जे केलं त्यात तर काहीच बदललं नसतं. त्याचे फटके तेच, मेहनत तीच, वय तेच.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत. लोक ‘पुरे आता’ म्हणत असताना माणूस करत राहिला आणि जिंकला, तर ती त्याची जिद्द. करत राहिला आणि हरला, तर तो त्याचा हट्ट. गंमत म्हणजे हिंदीत ‘जिद’ म्हटलं की हात-पाय आपटणारं पोर डोळ्यांसमोर येतं. तोच शब्द मराठीत आला आणि सद्गुण होऊन बसला, दुर्गुणाची जागा आपण हट्टाला दिली. पण जिद्द की हट्ट हे आपण ठरवतो कधी? बहुतेक वेळा निकाल लागल्यावर.

तत्त्वज्ञानात या कोड्याला ‘मॉरल लक’ म्हणतात, नैतिक नशीब म्हणूया. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी त्यावर लिहिलं. विल्यम्सने उदाहरण घेतलं चित्रकार गोगँचं: बायको-मुलांना मागे सोडून माणूस चित्रांसाठी दूर ताहितीला जातो. चित्रं महान झाली म्हणून आज आपण त्याच्याकडे एका नजरेने पाहतो. चित्रं सुमार निघाली असती तर तोच माणूस घर टाकून पळालेला बेजबाबदार बाप ठरला असता. निघताना मात्र त्याच्या हातात यातलं काहीच नव्हतं. नेगेलचा मुद्दा असा, की माणसाला त्याच्या ताब्यात जे आहे त्यावरूनच जोखावं असं आपण मानतो, पण प्रत्यक्षात सतत जोखतो ते त्याच्या ताब्यात नसलेल्या गोष्टींवरून.

गोल्फने या कोड्याचा जणू प्रयोगच करून दाखवला आहे. जुलै २००९, स्कॉटलंडमधलं टर्नबेरी, ब्रिटिश ओपन. टॉम वॉटसन ५९ वर्षांचा होता, साठीला दीड-दोन महिने बाकी. खुब्याचा सांधा बदलून नऊ महिने झाले होते. ही स्पर्धा त्याने पाच वेळा जिंकली होती, शेवटची २६ वर्षांपूर्वी. तोपर्यंत मेजर जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू होता ज्युलियस बोरोस, १९६८ साली, वय ४८. वॉटसन तो विक्रम तब्बल ११ वर्षांनी मोडायला निघाला होता. चार दिवसांतले ७१ होल झाले आणि तो एका फटक्याने पुढे होता. शेवटच्या होलवर फक्त पार हवं होतं.

त्याचा हिरवळीकडचा फटका वाईट नव्हता. चेंडू हिरवळीवर पडला, पण थांबला नाही, मागच्या बाजूने बाहेर घरंगळला. तिथून त्याने पट मारला, तो खड्ड्यापलीकडे साधारण आठ फूट गेला. ते आठ फूट चुकले. बरोबरी झाली, चार होलच्या जादा लढतीत तो थकलेला दिसला आणि स्ट्युअर्ट सिंक सहा फटक्यांनी जिंकला. नंतर पत्रकारांचे उतरलेले चेहरे पाहून वॉटसननेच त्यांना सांगितलं, की अहो, ही काही अंत्ययात्रा नाही.

१९८६ चा निक्लस आणि २००९ चा वॉटसन यांच्यात नैतिक फरक काय? मला एकही सापडत नाही. दोघांनाही लोकांनी जुन्या अल्बमात लावून टाकलं होतं. दोघेही स्वतःच्या अंगाकडे डोळे उघडे ठेवून बघत होते. एकाचा चेंडू आणि प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूने वळले, दुसऱ्याचा चेंडू दोन-चार फूट जास्त पळाला. तरी एकाची गोष्ट आपण प्रेरणा म्हणून सांगतो आणि दुसऱ्याची हळहळ म्हणून.

यावर कोणी म्हणेल, निकालाला काहीच किंमत नाही असं कसं? जिंकला म्हणजे कुवत होती हे सिद्ध झालं ना? आक्षेप रास्त आहे. फक्त, वॉटसनच्या ७१ होलनीही तेच सिद्ध केलं होतं. एखादा खेळाडू दहा वर्षं पहिल्या दोन फेऱ्यांतच बाहेर पडत असेल तर तो पुरावा आहे, त्याकडे बघायला हवं. पण एका पटावरून माणसाचं शहाणपण ठरवणं म्हणजे एका वाफ्यावरून पावसाळा ठरवणं.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याकडे या प्रश्नाचं एक तयार उत्तर आहे. मुंबईच्या विजय मर्चंट यांच्या नावावर सांगतात, की लोक ‘आताच का?’ असं विचारत असताना थांबावं, ‘अजून का नाही?’ असं विचारायला लागेपर्यंत वाट बघू नये. मर्चंट यांनी १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या, कसोटीतली त्यांची सर्वोच्च धावसंख्या, आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. पण त्याच कसोटीत क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या खांद्याला दुखापत झाली होती. म्हणजे त्या देखण्या शेवटातही नशिबाचा हात होताच.

हा सल्ला क्रिकेटला बऱ्यापैकी लागू पडतो, कारण संघात जागा अकराच. म्हातारा हत्ती दारात उभा राहिला तर आतला तरुण आतच राहतो. गोल्फमध्ये माणूस स्वतःच्या नावावर खेळतो, चुकला तर त्याचाच फटका वाढतो. शिवाय या सल्ल्यात एक गृहीत आहे: खेळायचं ते लोकांनी आपल्याला कसं आठवावं यासाठी. निक्लसने ते मानलं असतं तर १३ एप्रिल १९८६ च्या संध्याकाळीच निवृत्ती जाहीर केली असती. त्याहून चांगला शेवट कोणता? त्याने तसं केलं नाही. पुढे एकही मेजर जिंकली नाही, तरी खेळत राहिला. १९९८ च्या मास्टर्समध्ये ५८ व्या वर्षी सहाव्या क्रमांकाच्या बरोबरीत आला. शेवटची मेजर खेळला ती २००५ साली, सेंट अँड्र्यूजला, वय ६५. दोन दिवसांतच स्पर्धेबाहेर गेला, पण शेवटच्या होलवर लांबचा पट घालून गेला. त्या दिवशी त्याच्यासोबत खेळणाऱ्यांत टॉम वॉटसन होता.

म्हणून मला वाटतं, जिद्द आणि हट्ट यातला फरक असेल तर तो निकालाच्या आधी दिसायला हवा. १९८६ च्या वसंतात निक्लसकडे बघा. लहानपणापासूनचा त्याचा प्रशिक्षक जॅक ग्राउटने त्याला सांगितलं, तुझे हात नको तितके चालतायत. अठरावी मेजर जिंकायला निघालेला माणूस मुकाट्याने झोत सुधारायला बसला. चिपिंगचे धडे त्याने मुलाकडून घेतले. हातात घेतलेला पटर इतका मोठ्या डोक्याचा होता, की बघणाऱ्याला हसू यावं. हट्टी माणूस ऐकत नाही. तो कालच्याच पद्धतीने आज पुन्हा करतो आणि जग चुकतंय म्हणतो. जिद्दी माणूस ध्येय सोडत नाही, पण बाकी जवळजवळ सगळं सोडायला तयार असतो. आणि दुसरी गोष्ट: बिल कोण भरतंय? निक्लस हरला असता तर त्याचा थोडा मान गेला असता, बस. गोगँचं बिल बायको-मुलांनी भरलं. चित्रं कितीही मोठी झाली तरी ते फिटत नाही.

हा सगळा विचार माझ्यासाठी निव्वळ खेळाचा नाही. माझा एक मित्र पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. वय ३३, वर्ष सातवं. त्याच्या गावचा एक मुलगा शेवटच्या प्रयत्नात पास झाला तेव्हा चौकात ‘जिद्दीचा विजय’ असा फ्लेक्स लागला. माझ्या मित्राला त्याच आठवड्यात एका लग्नात काका म्हणाले, “अरे, किती दिवस हा हट्ट? तुझ्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली.” त्या दोघांच्या अभ्यासात म्हणे फार फरक नव्हता. मधे चार गुण होते.

मित्राला धीर द्यायचा म्हणून निक्लसची गोष्ट मी त्याला सांगत नाही. निक्लसला हरलेल्या दिवशीही तेच मिळत होतं ज्यासाठी तो आला होता: सकाळ, गवत, अवघड फटका, सोबत मुलगा. परीक्षा तशी नसते. ती दार आहे, घर नाही. दाराबाहेर सात वर्षं उभं राहण्यात दाराचं सुख नसतं. त्यामुळे त्याला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गेल्या वर्षीपेक्षा या वर्षी तू काय बदललंस? घरून येणाऱ्या पैशांबद्दल वडिलांशी स्पष्ट बोललास का? यांची उत्तरं चांगली असतील तर तो नापास झाला तरी मी त्याला हट्टी म्हणणार नाही. उत्तरं वाईट असतील तर तो पास झाला तरी मला टाळ्या जरा जपून वाजवाव्या लागतील. ‘यश मिळेल का?’ या प्रश्नाचं उत्तर ना त्याच्याकडे आहे, ना काकांकडे. त्यामुळे त्यावरून त्याला कोणी मोठं किंवा छोटं करू नये.

मे २०२१ मध्ये फिल मिकलसनने किआवा आयलंडवर पीजीए चॅम्पियनशिप जिंकली आणि वयाच्या ५० व्या वर्षी बोरोसचा विक्रम अखेर मोडला. जागतिक क्रमवारीत तो ११५ वा होता. जेमतेम आठवडाभर आधी त्याला पुढच्या यूएस ओपनमध्ये खेळता यावं म्हणून खास निमंत्रण द्यावं लागलं होतं. त्याच्या विजयाने पुन्हा तेच धडे फिरले, वय म्हणजे फक्त आकडा वगैरे. वय फक्त आकडा नसतं, हे वॉटसनच्या खुब्याला विचारा.

वॉटसन त्यानंतरही ब्रिटिश ओपन खेळत राहिला. २०१५ साली, ६५ व्या वर्षी, सेंट अँड्र्यूजला त्याने शेवटची फेरी संपवली तेव्हा अंधार पडत आला होता आणि स्पर्धेत पुढे जाण्याची शक्यता नव्हती. तरी त्याने शेवटचा पट नीट वाकून, रेषा बघून मारला. निक्लसच्या नावापुढे त्या उशिराच्या विजयाची नोंद आहे, वॉटसनच्या नावापुढे नाही. पण यातला जिद्दी कोण आणि हट्टी कोण असं कोणी विचारलं, तर त्या दोघांसाठी मला दोन वेगळे शब्द वापरता येणार नाहीत.