कुटुंबाने कोणता चित्रपट पाहावा?

'सहकुटुंब सहपरिवार पाहावा असा चित्रपट' ही शिफारस आपण जाहिरातींत वाचतो. त्यात बीभत्स काही नाही, शिवीगाळ नाही, मुलांना शेजारी बसवून पाहताना आईबापांची मान खाली जाणार नाही, असा तिचा अर्थ घेतला जातो. ही काळजी योग्यच आहे. परंतु ही शिफारस करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणाचे कुटुंब असते, हा प्रश्न धम्म स्वीकारलेल्या घरांनी तरी विचारला पाहिजे.

आपल्या सोलापूर जिल्ह्याशी नाते असलेली दोन उदाहरणे घेऊ. २०१४ साली परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' प्रदर्शित झाला. कथा पंढरपुरातली. वडील वारलेले, कर्जापायी आईचे विणकामाचे यंत्र जप्त झालेले. वडिलांनी बनवलेली सायकल विकावी लागू नये म्हणून दोन भावंडे यात्रेत बांगड्या विकायला बसतात. त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला. मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. नायक जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. गावातली डुकरे पकडण्याचे काम त्याच्या कुटुंबाकडे येते आणि त्याच्या वर्गातली मुले ते पाहून हसतात. ही भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पहिला चित्रपट मुलांना दाखवावा, याबद्दल कोणाचे दुमत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र पालकांकडून आणि शिक्षकबंधूंकडून मी एकच मत ऐकत आलो आहे : चित्रपट चांगला, पण मुलांसाठी नव्हे. त्याची कारणे दोन सांगतात. कोवळ्या मनाला एवढे दुःख दाखवू नये, हे एक. शेवटी जब्या दगड भिरकावतो, त्यातून मूल द्वेष शिकेल, हे दुसरे.

पहिल्या कारणाचा विचार करू. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहिले व गृहत्याग केला, ही कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नाकारली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तोच युक्तिवाद येथे लागू पडतो. आपल्या मुलाला जात ठाऊक नाही, असे आपण धरून चालतो. पण आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे त्याने पाहिलेले असते. त्याला दुःख नवे नसते; त्या दुःखाबद्दल बोलण्यासाठी शब्द मात्र त्याच्याजवळ नसतात. पहिल्या चित्रपटातली गरिबी कष्टाने आणि युक्तीने हटू शकते. जब्याने कितीही अभ्यास केला तरी डुकरे पकडायला गाव त्याच्याच घराला हाक मारते. हा फरक मुलाला कोणी समजावून सांगायचा?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, कारण ते धम्माच्या नावाने मांडले जाते. वैराने वैर वाढते, ही तथागतांची शिकवण आपल्याला शिरोधार्य आहे. तेव्हा दगड मारणे योग्य, असे मी म्हणणार नाही. पण तो दगड शेवटी पडद्यावरून थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, हे ध्यानात घ्या. तो विचारतो : हे सारे चालले असता तू कोठे होतास, हसणाऱ्यांत की अपमान सोसणाऱ्यांत? द्वेष तर दगडाच्या आधी, त्या हसण्यातच होता. मुलाला दगडाची भीती दाखवून हसणे मात्र निरुपद्रवी ठरवणे, ही सम्यक दृष्टी नव्हे.

आणि येथे आपल्यालाही उत्तर द्यावे लागेल. जब्या कैकाडी आहे. आपल्या सोलापुरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इंग्रजांनी तेथे तारेच्या कुंपणात डांबले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु कैकाडी, पारधी, वडार यांच्याविषयीची थट्टा आपल्या घरांतून हद्दपार झाली आहे काय? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात सर्व माणसे समान आहेत असे आपण म्हणतो. मग 'फँड्री' पाहताना आपले मूल आपोआप जब्याच्याच बाजूला बसलेले असेल, असे गृहीत धरता येत नाही.

चार-पाच वर्षांच्या लेकराला हा चित्रपट दाखवा, असे माझे म्हणणे नाही. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एकटे न सोडता त्याच्याबरोबर बसून तो पाहावा. राष्ट्रगीत सुरू होताच जब्याचे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि हातातोंडाशी आलेले डुक्कर निसटते, त्या प्रसंगावर नंतर बोलावे. शक्य तेथे रविवारी विहारात मुलांना एकत्र बसवून चर्चा करावी. 'एलिझाबेथ एकादशी'ही अवश्य दाखवावा. हसण्याचा आणि आनंदाचा हक्क आपल्या मुलांनाही आहे.

कुटुंबाने पाहण्याजोगा चित्रपट तोच, जो पाहून झाल्यावर कुटुंब एकमेकांशी खरे बोलू लागते. उपासक-उपासिकांनो, मुलांचे डोळे झाकण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून आपलेही डोळे उघडे ठेवूया.