कठडा कोणी बांधायचा?

"माझा जीव माझा आहे. मी त्याचे काय वाटेल ते करीन, तुम्हांला त्याचे काय?" सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या तोंडून हा प्रश्न आज पुष्कळ घरांत ऐकू येतो. लोद असो, दिमोना असो की अश्दोद असो, शब्बाथच्या आदल्या रात्री बागेतल्या बाकांवर मुले जमतात. प्लास्टिकच्या पेल्यांतून वोडका आणि एनर्जी ड्रिंक फिरते, नरगिल्याची नळी या हातातून त्या हातात जाते. घरी आई-बाप काळजी करतात आणि "इथली मुले कोणाचे ऐकतात?" असे म्हणून गप्प बसतात. मुलांचा हा प्रश्न आणि आई-बापांचे हे गप्प बसणे, या दोन्हींचा विचार आज वाचकांबरोबर करावा असे आम्हांस वाटते.

मुलांचा प्रश्न नवा नाही. सुमारे आठशे वर्षांपूर्वी रंबाम यांनी आपल्या 'मिश्ने तोरा' या ग्रंथात त्याचा विचार केला आहे. रंबाम स्वतः वैद्य होते हे वाचकांना ठाऊक आहेच. स्वतःच्या जिवाला धोका करून घ्यायचा आणि वर इतरांना काय त्याचे असे विचारायचे, अशा माणसाला त्यांनी मोकळे सोडलेले नाही, शिक्षेस पात्र ठरविले आहे. विशेष हे की, हा विचार त्यांनी गच्चीच्या कठड्याच्या नियमाला जोडून मांडला आहे. नवे घर बांधणाराने गच्चीला कठडा बांधावा, अशी आज्ञा दवारीमच्या २२ व्या अध्यायात आहे. गच्चीवरून पडणारा स्वतःच्या बेसावधपणाने पडेल, हे खरे. तरीही कठडा नसला तर दोष घरधन्याकडे येतो. आपल्या धर्माने जीव ही एकट्याची मालमत्ता मानलेली नाही. ती ठेव आहे, आणि ठेव सांभाळण्याचे काम सर्व घराचे आहे.

यावर कोणी म्हणेल, सोळा वर्षांचा मुलगा काही पाळण्यातले बाळ नव्हे. दोन वर्षांनी तो सैन्यात जाणार, हातात बंदूक धरणार. त्याला स्वतःचे बरेवाईट कळत नाही काय? कळते. शाळेत मुलांमध्ये अनेक वर्षे घालविल्यामुळे आम्ही हे खात्रीने सांगतो. दारू-तंबाखूचे दुष्परिणाम मुलांना आपल्याहून अधिक तोंडपाठ असतात. परंतु कळणे वेगळे आणि आवरणे वेगळे. मोह आवरणारा आणि पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग सर्वांत शेवटी, साधारण पंचविशीच्या सुमारास तयार होतो. मजेची ओढ लावणारा भाग मात्र त्याच्या कितीतरी आधी जोमात आलेला असतो. घोडा उधळण्याइतका मोठा झाला आहे, लगाम अजून तयार व्हायचा आहे, अशी ही वर्षे. या वर्षांत जी सवय लागते ती खोल जाते.

अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले. विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर पिण्यामुळेच असे होते, की मुळात अडचणीत असलेली मुलेच लवकर पितात, हा वादाचा विषय आहे. पण दोहोंपैकी काहीही खरे असले तरी पालकांना स्वस्थ बसता येत नाही. तंबाखूची गोष्ट याहून स्पष्ट आहे. अमेरिकेतील सर्जन जनरलच्या अहवालाप्रमाणे रोज सिगारेट ओढणाऱ्या दर १० प्रौढांपैकी जवळजवळ ९ जणांनी पहिली सिगारेट १८ व्या वर्षापर्यंत ओढलेली असते. म्हणजे ही काही वर्षे टळली तर पुढचे पुष्कळ टळते.

काही गैरसमज येथेच दूर केलेले बरे. 'बियर म्हणजे दारू नव्हे' असे आपल्यांपैकीही काही जण म्हणतात. ३३० मिलिलिटरच्या साध्या बियरमध्ये सुमारे १३ ग्रॅम मद्यार्क असतो, आणि ४० मिलिलिटर वोडकामध्येही जवळपास तेवढाच असतो. वोडकात एनर्जी ड्रिंक घातले की झोप येत नाही, त्यामुळे आपण शुद्धीवर आहोत असे मुलाला वाटते आणि तो आणखी पितो. रक्तातले विष मात्र तेवढेच राहते. नरगिल्याचा धूर पाण्यातून येतो म्हणून निर्धोक, हाही भ्रमच. जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे की, तासाभराच्या एका बैठकीत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर आत जाऊ शकतो. वर निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड असतो तो वेगळाच. सफरचंदाचा वास आला म्हणून काही ते सफरचंद होत नाही.

आता आई-बापांच्या गप्प बसण्याकडे वळू. कठड्याच्या आज्ञेच्या थोडे आधी, दवारीमच्या २१ व्या अध्यायात, हट्टी आणि बंडखोर मुलाचा कायदा आहे. मुलगा खादाड आणि दारुडा निघाला, कोणाचे ऐकेनासा झाला, तर आई-बापांनी त्याला गावच्या वडीलधाऱ्यांपुढे उभे करावे, आणि शिक्षा दगडमार करून मृत्यूची. वाचताना अंगावर काटा येतो. परंतु आपल्या हाखामांनी या कायद्याला अशा अटी घातल्या की, तो मुलाचा कमी आणि आई-बापांचाच अधिक होऊन बसला.

मिश्नेच्या सान्हेद्रिन या भागात त्या अटी वाचावयास मिळतात. मुलाने मांस आणि मद्य आपल्या बापाच्याच घरातून चोरलेले असले पाहिजे आणि बाहेर नेऊन खाल्ले-प्यालेले असले पाहिजे, तरच हा कायदा लागू होतो. ही पहिली बाटली कोणाच्या कपाटातून जाते, हे हाखामांना पक्के ठाऊक होते! पुढची अट अशी की, तक्रार आई आणि बाप दोघांचीही हवी, एकट्याची चालत नाही. दोघांपैकी एक जण मुका किंवा बहिरा असला तरी खटला उभा राहत नाही. रब्बी यहूदा यांनी तर तालमूदमध्ये म्हटले आहे की, आई आणि बाप यांचा आवाजसुद्धा सारखा असला पाहिजे. एवढ्या अटी पाळणारे घर कोठे सापडणार? म्हणूनच असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, असे मत तेथे नोंदलेले आहे. मग हा कायदा लिहिला कशाला? अभ्यास करून शिकण्यासाठी.

आम्ही त्यातून एवढे शिकलो. बाप "नको" म्हणतो आणि आई "जाऊ दे हो, सगळीच मुले करतात" म्हणते, त्या घरात दोन आवाज आहेत. बाप तोंडाने "नको" म्हणतो आणि हाताने सिगारेट पेटवितो, तेव्हा तर एकाच माणसात दोन आवाज आहेत. मुले त्यांतला सोयीचा आवाज ऐकतात. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? ज्यांना जीभ असून बोलवत नाही, आणि मुलगा काही सांगू पाहतो तेव्हा ज्यांना कान असून ऐकवत नाही, त्यांना मुलाविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार उरतो काय?

यावर आजोबा मंडळी म्हणतील, आमची सवय चाळीस वर्षांची, ती आता काय सुटणार! ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथल्या डॉक्टरांचीच पन्नास वर्षे पाहणी केली. २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी १० वर्षे आधी जातो. तिशीत सोडणारा ती जवळजवळ सगळी वाचवितो, आणि साठीत सोडणारालाही सुमारे ३ वर्षे मिळतात. साठीतल्या आजोबाने सिगारेट सोडली तर त्याला वर्षे मिळतील आणि नातवाला कठडा मिळेल.

दुसरी शंका धर्माची. मद्यावर किद्दुश म्हणणारे आपण, मुलांना कोणत्या तोंडाने सांगणार? वाचकहो, आपल्या वाडवडिलांनी याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. कोकणात त्यांच्याजवळ द्राक्षाचे मद्य नव्हते. काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, गाळून त्यांनी शरबत केले आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या किद्दुश म्हटला. शब्बाथचे पावित्र्य नशेत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पुरीमला तरी प्यावेच लागते, असे म्हणणारांनी तालमूदमधली रब्बा आणि रब्बी झेरा यांची कथा आठवावी. पुरीमच्या मेजवानीत रब्बाने नशेत रब्बी झेराचा गळा कापला. दुसऱ्या दिवशी प्रार्थना करून त्यांना पुन्हा जिवंत केले. पुढच्या वर्षी मेजवानीचे बोलावणे आले तेव्हा रब्बी झेरा गेले नाहीत, कारण चमत्कार काही दर वर्षी होत नसतो. गाडी चालविणाऱ्या मुलांना ही कथा अवश्य सांगावी.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे आहे. या देशात अठरा वर्षांखालील मुलांना दारू किंवा सिगारेट विकणे गुन्हा आहे, आणि २०१० पासून रात्री ११ ते सकाळी ६ दुकानांतून दारू विकण्यास बंदी आहे. कायदा हवाच. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालची मुंबई पाहिलेल्या आपल्या पिढीला परमिट आणि हातभट्टी दोन्ही ठाऊक आहेत. कायदा दुकानाचे दार बंद करतो, घरातले कपाट बंद करीत नाही.

शेवटी कठड्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कठडा गच्चीला कुलूप लावीत नाही. मुलांनी मित्रांत जावे, हसावे, रात्री उशिरापर्यंत गावे. कठडा फक्त कडेला असतो. तो आरडाओरड्याने बांधला जात नाही. आई-बापांनी आधी आपसांत बोलून एकच उत्तर ठरवावे. घरातल्या बाटल्या मोजून ठेवाव्यात. पेल्याशिवाय पाहुणचार होत नाही ही समजूत आपल्या लग्नांतून आणि मेजवान्यांतून काढून टाकावी. आणि मुलाला आजच सांगून ठेवावे की, तू किंवा तुझा मित्र पिऊन अडचणीत आलास तर कोणत्याही वेळी आम्हांला फोन कर. त्या रात्री आम्ही रागावणार नाही, न्यायला येऊ. बेशुद्ध पडलेल्या मित्राला एकटा सोडू नये, कुशीवर वळवावे आणि १०१ ला फोन करावा, हेही त्याला शिकवावे. बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी होईलच, पण त्यासाठी मुलगा सुखरूप घरी आलेला हवा.

तोराने दगडांचा कायदा लिहिला, पण तो अमलात येऊ नये यासाठी हाखामांनी बुद्धी खर्च केली. कठड्याच्या आज्ञेतून मात्र त्यांनी कोणालाच सूट दिली नाही. घर ज्याचे, कठडा त्याने बांधायचा, आणि तो कोणी पडण्याच्या आधी बांधायचा.